आत्याच्या मापाचा ड्रेस

मिलान, ९ ऑक्टोबर १९६०

प्रिय पाल्मीरा आत्या,

आईला लिहिलं की ते पत्र अख्खी गल्ली वाचते. बाबांना लिहिलं की ते फक्त शेवटची ओळ वाचतात, मी परत कधी येणार ती. म्हणून हे तुला.

शाळेचं शेवटचं वर्ष सुरू झालं. पहिल्याच दिवशी घेझ्झी बाईंनी माझी उन्हाळ्यात काढलेली चित्रं मागितली. मी मोठ्या ऐटीत पुढे केली. बाईंनी एकेक ड्रेस नीट पाहिला आणि म्हणाल्या, "सुंदर. आता सांग, यातल्या कुठल्या बाईला खाली बसता येईल?" वर्ग हसला. मीही हसले, करते काय! पण खोलीवर येऊन पाहिलं तर खरंच एकीलाही बसता येणार नव्हतं. दोघींना तर श्वाससुद्धा घेता आला नसता. बाई म्हणतात, मी बायका काढत नाही, फुलदाण्या काढते.

यंदाच्या परीक्षेला एकच ड्रेस करायचा आहे. चाळिशी ओलांडलेल्या, रोज कामाला जाणाऱ्या एखाद्या खऱ्या बाईसाठी. तिने तो आठवडाभर कामावर घालायचा, एक फोटो काढून घ्यायचा आणि कसा वाटला ते खरं खरं लिहून पाठवायचं. परीक्षा जूनमध्ये. तेव्हा इथल्या मोठ्या शिवणघरांची माणसं येतात आणि एखाद-दुसरी मुलगी निवडून नेतात. बाबांनी काय ठरवलंय ते तुला ठाऊक आहेच. मला कुणी निवडलं तर मिलानला राहायचं, नाही तर गावच्या पोस्टाच्या खिडकीत बसायचं. पोस्टमास्तरांशी बोलणंही उरकलंय म्हणे. आत्या, मला त्या खिडकीत बसवलं ना, तर मी तिकिटांना झालर लावीन.

तर माझी बाई तू. नाही म्हणू नकोस. बाकीच्या मुलींनी आपापल्या आया धरल्यात. पण माझी आई कमरेचं माप दोन बोटं चोरून सांगणार. तू खोटं बोलत नाहीस, गावात तुझ्याविषयी तीच तर तक्रार आहे. कुठली मापं हवीत ते मागच्या पानावर चित्र काढून दाखवलंय.

तुझी,
रोक्की

*

मोंतेसोर्दो, २३ ऑक्टोबर १९६०

रोक्की,

मापं सोबत आहेत. शेजारच्या मिकेलिनाने घेतली. बाईला आकडा तोंडातल्या तोंडात म्हणायची सवय नाही. त्यामुळे माझ्या नितंबांचा घेर आता पावाच्या भट्टीपर्यंत पोचलाय आणि भट्टीवाला मला बघून उगाच नम्र होतो. तुझ्या कलेसाठी हे सोसलं, लक्षात ठेव.

तू विचारलं नाहीस ते मीच सांगते. फळ्यावर लिहून लिहून माझा एक खांदा वर गेलाय की दुसरा खाली आलाय, देव जाणे, पण दोन्ही सारखे नाहीत. माझा निम्मा दिवस हात वर करून जातो आणि उरलेला बाकांवर वाकून. मधल्या वेळात शेगडीत लाकडं सारायची. माझा प्रत्येक ड्रेस एकाच जागी फाटतो, उजव्या काखेत. दर वेळी तिथे ठिगळ लावते. पोरांना वाटतं, बाईंच्या काखेत खिसा आहे.

रंग तुझ्यावर सोडते. लाल तेवढा नको, इन्स्पेक्टर येतो.

बाकी नवीन काही नाही. गेल्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सासूबाई समोर आल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं. युद्ध संपल्यावर त्यांनी आपल्या लेकाच्या, निकोलाच्या, आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा करवून घेतली आणि अंगावर काळं चढवलं. मी चढवलं नाही, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. नवरा रशियात मेला आणि ही बया करड्या ड्रेसमध्ये हिंडते, असं त्यांना वाटतं. मी म्हणते, मेलेला कुणी पाहिला? डॉन नदीवरून त्याचं शेवटचं कार्ड आलं ते त्रेचाळीस सालच्या जानेवारीचं: थंडी फार आहे, लोकरीचे मोजे पाठव. मी पाठवले. मोजे काही परत आले नाहीत, म्हणजे कुणीतरी घेतलेच ना? रोमच्या सैन्याच्या कचेरीला दर वर्षी विचारते. शोध चालू आहे, असं उत्तर येतं. ज्याचा शोध चालू आहे त्याच्यासाठी काळं घालत नाहीत. असो. हे पुराण तुला लहानपणापासून पाठ आहे.

जेवत जा. आईने सुक्या मिरच्या पाठवल्यात, त्या मिलानच्या मैत्रिणींना वाटू नकोस. त्यांना सोसायच्या नाहीत.

आत्या

*

मिलान, १९ फेब्रुवारी १९६१

प्रिय आत्या,

झाला! झाला एकदाचा! पण आधी माझे हाल ऐक.

शाळेतला एक पुतळा मी ताब्यात घेतला आणि कापूस बांधून बांधून त्याला तुझं अंग दिलं. एक खांदा वर, पाठ थोडी पुढे. सगळ्या त्याला 'सिन्योरा पाल्मीरा' म्हणतात आणि सकाळी आल्यावर त्याला नमस्कार करतात. मग मांजरपाटात नमुना बेतला. हात वर केल्यावर कापड ओढू नये म्हणून मी मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, चांगला ऐसपैस ठेवला. बाईंनी तो मलाच अंगात घालायला लावला आणि म्हणाल्या, "हात वर कर." हात वर केला तर सगळा ड्रेसच हाताबरोबर वर! गुडघे उघडे. दुसऱ्या खेपेला मुंढा आणखी मोठा केला, तर आणखी गुडघे उघडे.

तिसऱ्या खेपेला मी रडकुंडीला आले, तेव्हा बाई म्हणाल्या, "अगं, तू त्या बिचारीला जागा देत नाहीयेस, पोतं देतेयस." त्यांनी सगळं उसवायला लावलं. मग कळलं ते उलटंच. मुंढा लहान हवा, काखेत अगदी वर चढवलेला. म्हणजे हात वर गेला की फक्त बाही हलते, अंगावरचा ड्रेस जागच्या जागी राहतो. आणि काखेखाली कापडाचा एक छोटा तुकडा, कळी, घालायची. तुझ्या ठिगळाच्या जागीच! तू ऑक्टोबरातच लिहिलं होतंस आणि मी तीन महिने पुस्तकं चाळत बसले. काखेत कळसा नि गावाला वळसा.

उजवीकडे आणि डावीकडे वेगवेगळं बेतलंय. घातल्यावर कुणाला कळणार नाही की तुझे खांदे सारखे नाहीत. बाईंनी फक्त मान डोलावली, आणि वर्गात त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे.

आता रंग. आत्या, मी काळा लोकरी क्रेप घेतला. दुकानात त्या कापडासमोर तासभर उभी होते. इथल्या जाणत्या बायका बघ, सगळ्या काळ्यात. रंग आणि फुलं अनेक चुका झाकतात. काळ्यावर नजर थेट बेतावर जाते. गळ्याशी काही नाही, कमरेशी काही नाही, नुसती ओळ. घातलास की तू थेट मिलानची बाई दिसशील. तुझ्यासाठी इतकं चांगलं कुणी काही केलं नसेल, असं मला वाटतंय आणि मी ते लाज न बाळगता लिहितेय.

खोका उद्या टपालात पडेल. घाल, फोटो काढ आणि खरं खरं लिही. तुझ्या मुंढ्यावर माझं पोट अवलंबून आहे!

तुझी,
रोक्की

*

मोंतेसोर्दो, ५ मार्च १९६१

रोक्कीना,

खोका मिळाला. तुझी आई आणि मिकेलिना बघायला आल्या होत्या, त्यांच्यासमोरच उघडला. वरचा कागद काढला तशी मिकेलिनाने क्रूसाची खूण केली. तुझी आई रडायला लागली. मला मिठी मारून म्हणाली, "पोरीने केलं गं बाई. आमच्या कुणाच्याने झालं नाही ते पोरीने केलं."

घरात असं काही ठरलंय याची मला कल्पना नव्हती. इतक्या वर्षांत व्हीतो या विषयावर माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. मला वाटायचं, माझा भाऊ तरी माझ्या बाजूने आहे. तुम्हा सगळ्यांना सांगायचंच होतं, तर समोर बसून सांगायचं होतं. शिवून पाठवायची काय गरज होती?

काम चांगलं आहे. ड्रेस पेटीत ठेवलाय. परीक्षेसाठी दुसरी बाई बघ.

पाल्मीरा

*

मिलान, १२ मार्च १९६१

आत्या,

तुझं पत्र वाचून मला आधी राग आला. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, हिला ड्रेस आवडला नाही आणि ही काहीतरी निमित्त काढतेय. मी तणतणत ते पत्र माझ्या खोलीतल्या सावेरियाला वाचून दाखवलं. ती कालाब्रियाची, आपल्यासारखीच दक्षिणेकडची.

तिने विचारलं, "तुझे आतोबा कधी वारले?"

मी म्हटलं, "वारले नाहीत. युद्धात हरवलेत. आत्या वाट बघते."

"आणि तू तिला काळा ड्रेस पाठवलास?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

आत्या, घरात काहीही ठरलं नव्हतं. बाबांना रंग ठाऊकही नव्हता. आईला जे वाटलं ते तिचं तिला वाटलं. मला कुणी सांगितलं नाही, कुणी सुचवलं नाही. हा गाढवपणा सगळा माझा एकटीचा. इथे काळा म्हणजे संध्याकाळी नाटकाला जाणाऱ्या बायका. त्या दुकानात मी तासभर उभी होते आणि मला आपल्या गावातली एकही बाई आठवली नाही. गावच्या निम्म्या बायका काळ्यात असताना! मला तर पाळण्यातून उचलून घेणारे हातसुद्धा काळ्या बाह्यांचे होते. तीन वर्षांत मी ते विसरले, आणि विसरले हेही मला कळलं नाही. याची मला फार लाज वाटते.

घेझ्झी बाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, मी चूक केली. बाई म्हणाल्या, "मापं सगळी घेतलीस. ती कुणाची बायको आहे ते कोण विचारणार होतं, मी?" मग त्या टाचण्या गोळा करू लागल्या. शेवटी म्हणाल्या, "बेत मात्र खोटा नाही हो." पण मला त्याचं काय!

दुसरा ड्रेस करायला वेळ नाही आणि दुसऱ्या कुणासाठी करायची इच्छा नाही. परीक्षेतून नाव काढून घेतलं. तू मला रागावून लिही, पण लिही.

रोक्की

*

मिलान, ९ एप्रिल १९६१

आत्या,

ईस्टर गेला, तुझं पत्र नाही. आईच्या पत्रात शेळीपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांची खबर आहे, तुझी नाही. बाबांना कळवलंय की जूनअखेर येते. त्यांनी लगेच उत्तर पाठवलं, आणि या वेळी पहिल्या ओळीपासून खूश आहेत.

तो ड्रेस परत पाठव. मी उसवून टाकते. तो तुझ्या पेटीत आहे या विचाराने मला झोप लागत नाही.

रोक्की

*

मोंतेसोर्दो, ७ मे १९६१

रोक्की,

उसवायला बिसवायला मी काही देणार नाही. ड्रेस माझा आहे.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी मी तुझ्यावर रागावले होते. मग तुझं म्हणणं खरं वाटलं. म्हटलं, या पोरीला दुष्टपणा करायचा असता तर तिने इतका वेंधळेपणा केला नसता. मग मी माझ्यावरच रागावले, आणि त्याला फार वेळ लागला.

तुझं एप्रिलचं पत्र आलं त्या रविवारी खोका बांधायला घेतला. दुपार होती, गाव जेवून झोपलेलं. म्हटलं, परत पाठवण्याआधी ती काख तरी बघावी, जिच्यासाठी माझा घेर गावभर झाला. दार लावलं, ड्रेस घातला. फळ्यावर लिहिताना करते तसा हात वर केला. कुठे ओढलं नाही की ताणलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखादा ड्रेस माझ्यावर रागावला नव्हता. मी तशीच हात वर करून उभी राहिले आणि मला रडू फुटलं.

रोक्की, इतक्या वर्षांत मी निकोलासाठी रडले नव्हते. करड्या ड्रेसमध्ये रडता येत नाही गं. एक टिपूस आलं असतं तर गाव म्हणालं असतं, बघा, हिलाही पटलं. म्हणून दात आवळून राहिले. रडायचं कधीचं राहून गेलं होतं आणि त्यासाठी माझ्याकडे कपडेच नव्हते. त्या दुपारी मी जमिनीवर बसून पोटभर रडले. तो किती चांगला होता, आणि किती घोरायचा, सगळं आठवून रडले.

तो मेलाय हे मला कळून खूप वर्षं झाली होती. कधी कळलं ते सांगता येणार नाही. फक्त ते मी कुणाला बोलू देत नव्हते.

मग तोंड धुतलं आणि ड्रेस न काढता सासूबाईंकडे गेले. दार त्यांनीच उघडलं. मला खालपासून वर पाहिलं. मला वाटलं, आता म्हणणार, आली का अक्कल! त्या म्हणाल्या, "ये. शिवला कुणी?"

"व्हीतोच्या पोरीने."

त्यांनी बाही दोन बोटांत धरून कापड चाचपलं. चुलीपाशी मला खुर्ची दिली, डाळिंब्यांचं सूप दिलं. त्या डाळिंब्या निकोलाच्या आवडीच्या, हे दोघींनाही ठाऊक होतं. निघताना त्यांनी माझं मनगट पकडलं आणि हळूच म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस हं. मी अजून दाराची कडी लावत नाही. आला तर उघडं हवं."

बघ. काळं घालून ती म्हातारी इतकी वर्षं वाट बघत होती. आणि करडं घालून मला सगळं ठाऊक होतं. आम्ही दोघी एकाच माणसाच्या, आणि पायऱ्यांवर तोंडं फिरवत होतो. घरी येईपर्यंत मला पुन्हा रडू आलं, पण आता रडायची चोरी नव्हती.

तर आता कामाचं. गेला आठवडाभर ड्रेस शाळेत घातला. तुझ्या बाईंनी खरं खरं लिहा म्हटलंय, तर त्यांना सांग:

मुंढा उत्तम आहे. कळीसुद्धा. वाकले तरी पाठीवर ओढत नाही, बसले तरी चुणी पडत नाही. खांदे सारखे दिसतात, मिकेलिना चारही बाजूंनी फिरून बघून गेली. पण मानेमागचा हूक केसांत अडकतो आणि प्रार्थनेच्या वेळी माझ्या तोंडून भलतंच निघतं. खिसा नाही. मास्तरीण बाईला खिसा नाही, म्हणजे तिने खडू दातात धरायचा का? आणि काळ्या रंगाबद्दल सगळा गाव बोलला, पण शिवण शिकणाऱ्या मुलीला जे आधी सुचायला हवं होतं ते कुणालाच सुचलं नाही. काळ्यावर खडू दिसतो! जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते. पोरं खूश आहेत. ही चूक मला त्या दुसऱ्या चुकीपेक्षा मोठी वाटते. ती तुझ्या वयामुळे झाली, ही लक्ष नसल्यामुळे.

फोटो सोबत आहे. लग्नांचे फोटो काढणाऱ्याने काढलाय, म्हणून मला हातात फूल धरायला लावत होता. मी डस्टर धरलं. उजवी बाही पांढरी दिसतेय ती तशीच असू दे, परीक्षकांना कळू दे ही बाई काय करते. परीक्षेतून काढलेलं नाव उद्याच्या उद्या परत घाल. घेझ्झी बाईंना मी वेगळं पत्र टाकलंय. तुझ्या आधी ते पोचलं तर दचकू नकोस.

व्हीतोला मी सांगून टाकलं की पोस्टाच्या खिडकीला दुसरी बघ. तो म्हणाला, "आणि नापास झाली तर?" मी म्हटलं, नापास झाली तर पुढच्या वर्षी पुन्हा बसेल. माझ्या वर्गात मिशा फुटलेली पोरं बसतात, त्यांना मी कधी पोस्टात पाठवलं? तो माझ्या अंगावरच्या ड्रेसकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाल्मीरा, मला तुला कधी विचारता आलं नाही." मी म्हटलं, मला तरी कुठे सांगता आलं? त्यानंतर त्याने पोस्टमास्तरचं नाव काढलं नाही. तू पास झालीस तर तो आनंदात नसेल, पण तुला अडवणारही नाही. एवढंच त्याच्याकडून मिळालं, घे.

आता शेवटचं. इथे विधवेने मरेपर्यंत काळं घालायचं असतं. मिकेलिनाने मला ते लगेच समजावलं. मी म्हटलं, मी शिक्षिका आहे, मला वजाबाकी येते. जी वर्षं दात आवळून काढली ती मी शोकात धरणार. येत्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, सासूबाई आणि मी मिळून निकोलासाठी मेणबत्ती लावणार आहोत. तोवर काळं घालीन आणि त्याच्यासाठी रीतसर रडीन. मग ते उतरवीन. गावाला जे बोलायचं ते बोलू दे.

तेव्हा मला दुसरा ड्रेस लागेल. खिशाचा. मुंढा हाच ठेव, त्याला हात लावू नकोस. रंग कुठला, ते अजून माझं ठरलेलं नाही. तू आपणहून काही घेऊ नकोस आणि मला सारखं विचारूही नकोस. ठरला की कळवीन, तोवर वाट बघ. या घरात वाट बघणं मी एकटीनेच का शिकायचं?

तुझी,
आत्या